पोकलेनला उतार कळत नाही

गावाला प्रशिक्षण कशाला? निधी द्या, पोकलेन द्या, गाव आपसूक सुधारेल. नेतृत्व शिकवून येत नाही, ते रक्तातच असावं लागतं. शिबिरं म्हणजे नाश्ता, प्रमाणपत्र आणि फोटो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एक जाणते गृहस्थ सभांमधून हे ठासून सांगत फिरतात. त्यांना टाळ्याही पडतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

रक्ताचं आधी. एकाच घरात पिढ्यान् पिढ्या सरपंचपद असलेली गावं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथल्या विहिरीही मार्चमध्येच तळ गाठतात. शिबिरांबद्दल म्हणाल, तर हॉलमधली भाषणबाजी उद्या बंद करा, माझी तक्रार नाही.

पण पोकलेन! यंत्र चर खणतं. तो चर कुठे आणि कोणत्या रेषेत खणायचा, हे यंत्राला सांगणार कोण? मोताळा तालुक्यातलं सिंदखेड बघा. 2018च्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत या गावाने माण तालुक्यातल्या भांडवलीसोबत राज्यात दुसरा क्रमांक विभागून घेतला. स्पर्धा 45 दिवसांची होती, पण त्याआधी गावोगावच्या बाया-माणसांना प्रशिक्षण मिळालं होतं. दोन काठ्यांना बांधलेली पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच आकड्यावर आलं की त्या दोन जागा एका पातळीत, तिथे फक्की टाकायची. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर रेषा चुकते, आणि रेषा चुकली की चरातलं पाणी एका टोकाला धावतं, बांध फोडतं आणि खालच्याच्या वावरातली माती घेऊन जातं. शाळा अर्धवट सुटलेली बाई हे शिकते आणि दहा जणांना शिकवते. यात रक्ताचा संबंध कुठे येतो?

आणि पाणी अडल्यावर खरं भांडण सुरू होतं. ते कोणी, किती उपसायचं? पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, कपाशी-तुरीला किती लागेल, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि नव्या बोअरला भावकीतल्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणायचं, ही हिंमत निधीच्या कोणत्या शीर्षाखाली मिळते? खाली पूर्णेच्या खोऱ्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात, तर बोअर मारून खारंच पाणी येतं. तिथे शेततळ्याचा हिशेब वेगळा. मोताळ्याचा नकाशा तिथे चालत नाही, गावानेच आपलं शिवार वाचायला हवं.

हा वाद जुनाच आहे. 1 मे 1962ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा खेड्यातल्या माणसाला कारभार झेपेल का, म्हणून शंका काढल्या गेल्या. पंचायतीत बायांना आरक्षण मिळालं, 2011मध्ये ते निम्म्यावर गेलं, तेव्हा पुन्हा तेच. सहीपुरत्या सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, हे कुठे घडलं? जिथे तिला ग्रामपंचायतीचं जमाखर्चाचं पुस्तक कोणी उघडून दाखवलं नाही, तिथे. दोष मात्र तिच्यावर ढकलून मोकळे!

शिकलेली पोरं पुण्याला पळतात, असंही ऐकवलं जातं. पळतात, म्हणूनच एकाला शिकवून भागत नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गावातून पाच-सहा जण घ्या, त्यात निम्म्या बाया. प्रशिक्षण माळावर आणि दप्तरासमोर द्या, आणि पुढची दोन वर्षं त्यांच्यामागे कोणीतरी उभं राहू द्या. आरक्षण बदलून सरपंच बदलला तरी ही माणसं गावातच राहतात. निधी आणि यंत्रं त्यांच्या हाती द्या, माझा विरोध नाही.

तोवर वाचकांनी एवढं करावं. येत्या ग्रामसभेला कोरमपुरतं बसून उठू नका. यंदाच्या पाण्याचा ताळेबंद मागा, आणि तो मांडता येणारं गावात कोणी नसेल, तर शिकायला कोणाला पाठवायचं याचा ठराव त्याच सभेत लिहून घ्या.