मोडलेला ‘ऱ्य’ कोण दुरुस्त करणार?

कडेगावातल्या एखाद्या दुकानात अर्ज टाइप केला आणि छापताना ‘शेतकऱ्यां’मधला ‘ऱ्य’ मोडला, तर तो दुरुस्त कोणी करायचा? सॉफ्टवेअर बंदिस्त असेल, तर सगळे विकणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर.

‘लोहित’ फॉन्टचे तसे नाही. रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी त्यावर काम केले, पण त्याचा सोर्स सर्वांना खुला आहे. अक्षर चुकले तर कोणीही जाणकार ते सुधारून पुढे वाटू शकतो.

सोर्स म्हणजे काय? संगणक चालवतो ते यंत्रालाच कळणाऱ्या आकड्यांचे भेंडोळे. माणसाने लिहिलेला सोर्स कोड वेगळा. तो हाती नसेल, तर बदल करण्याची परवानगी कागदावरच राहते. म्हणूनच मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये आणलेल्या ‘जीपीएल’ या सॉफ्टवेअर परवान्याची अट आहे: प्रोग्राम दुसऱ्याला द्याल, तर सोर्सही मिळू द्या. पैसे घ्यायला मात्र बंदी नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते!

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्सला, म्हणजे सोर्स खुला असलेल्या सॉफ्टवेअरला, प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. तालुक्याच्या कचेरीसाठी जनतेच्या पैशातून सॉफ्टवेअर बनवून घेताना सोर्स कोडची अट निविदेतच हवी. ठेकेदार बदलला, तरी नव्या माणसाला काम तिथूनच पुढे नेता येईल.