परक्याची यादवी आणि आपले सैन्य
परराज्यातील यादवीत सैन्य धाडावे काय, हा प्रश्न आम्हां हिंगोलीकरांस केवळ पुस्तकी नव्हे. निजाम स्वतःस स्वतंत्र म्हणवीत असता, सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य त्याच्या राज्यात शिरले व ५ दिवसांत रझाकारी जुलूम संपला. तथापि विजयानंतर अनेक निरपराध मुसलमान मारले गेले, हेही पंडित सुंदरलाल समितीने नोंदविले आहे. पुढे १९८७ मध्ये शांतिरक्षणार्थ लंकेत गेलेले सैन्य तमिळ वाघांशीच झुंजले व ११०० हून अधिक जवान गमावून १९९० मध्ये परतले. बलरामाने कुरुक्षेत्राकडे पाठ फिरविली, ती नीती आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. परंतु परतीची वाट आणि विजयानंतर दुर्बळांचे रक्षण, ही दोन्ही ज्यास आधी ठरविता येत नाहीत, त्याने शस्त्र उचलू नये.