झोपेची गोळी मागण्याआधी राउटर बंद करा

"डॉक्टर, मुलाला झोपेची एखादी हलकी गोळी द्या ना," असं म्हणत पालक येतात. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा, रात्री दोनपर्यंत कॉम्प्युटरवर. रात्री दहा ते सकाळी सहा घरातलं इंटरनेट बंद ठेवा म्हटलं, की चेहरे असे होतात जणू मी ऑपरेशन सांगितलं!

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन अंधार पडल्यावर वाढू लागतं. किशोरवयात ते मुळातच उशिरा वाढतं, त्यात डोळ्यांसमोर उजळ स्क्रीन असली की आणखी लांबतं. शिवाय ऑनलाइन गेमला शेवट नसतो. चार मित्र खेळत असताना एकट्याने उठणं चाळिशीतल्या माणसालाही जमत नाही. मग "मनावर ताबा ठेव" हा उपदेश त्यालाच कशाला?

बऱ्याच राउटरमध्ये वेळ ठरवून ठेवता येते. नाही जमलं तर प्लग काढा. मोबाइल डेटाची पळवाट उरतेच, म्हणून सगळ्यांचे फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे तुमचाही! बाबांनी अंथरुणात रील्स बघायच्या आणि मुलाचं नेट तोडायचं, ही शिक्षा झाली, उपचार नव्हे. भांडणाच्या भरात वायर उपटू नका. वेळ आधी सांगा.

पहिले काही दिवस आदळआपट होईल. दोन आठवडे नेटाने करा. तरीही झोप लागत नसेल तर त्याला घेऊन या. मूल सतत उदास, गप्प राहत असेल तर मात्र तेवढंही थांबू नका.