अलास्काच्या वाटेवर

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले आज गॅरेजमध्ये किंवा कुरिअरच्या कामावर आहेत. दोन चाकांवर त्यांचे घर चालते. मोबाईलवर ती जगभरच्या मोटारसायकलस्वारांचे प्रवास पाहतात आणि विचारतात, "हे लोक एवढ्या लांब जातात तरी कसे?" घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "पैसा आहे, म्हणून जातात." हे अर्धेच खरे आहे. पैसा लागतो, पण नुसत्या पैशाने गाडी पोहोचत नाही. जो पोहोचतो तो आधी वही-पेन्सिल घेऊन बसलेला असतो. या खेपेला आपण अशाच एका मोठ्या प्रवासाचा हिशेब मांडून पाहू.

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, फ्लोरिडा राज्यात की वेस्ट नावाचे बेट आहे. तिथून निघून अलास्कातील डेडहॉर्स या उत्तरेकडच्या वस्तीपर्यंत मोटारसायकलने जायचे, हे तिकडच्या अनेकांचे स्वप्न असते. अंतर सुमारे ९ हजार किलोमीटर. म्हणजे मुंबई ते नागपूर जवळजवळ अकरा वेळा! मध्ये कॅनडा हा वेगळा देश लागतो, म्हणून अमेरिकन माणसालाही पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. आपल्याकडून कोणी गेला तर दोन्ही देशांचे वेगवेगळे व्हिसा आणि आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. आजारपणाचा विमा तर हवाच हवा. निर्जन भागात अपघात झाला तर माणसाला विमानाने उचलून न्यावे लागते.

आता दिवस मोजू. रोज ५०० किलोमीटर धरले तर १८ दिवस. कागदावर सोपे दिसते. पण आठवड्यातून एक दिवस गाडीला आणि पाठीला विश्रांती लागते, एखादा दिवस पावसात जातो, आणि शेवटच्या कच्च्या रस्त्यावर रोजचे ५०० होत नाहीत. तेव्हा साडेतीन आठवडे धरावेत. नवखा माणूस विसरतो ते पुढेच. परतही यायचे असते! डेडहॉर्सहून पुढे कुठे रस्ता जात नाही. गेलेल्याच वाटेने माघारी फिरायचे. जाऊन-येऊन पन्नास दिवस झाले. हाजिरीवर काम करणाऱ्याला पन्नास दिवस कोण सोडणार? म्हणूनच या वाटेवर निवृत्त झालेली माणसे पुष्कळ दिसतात. काही जण येताना गाडी मालवाहतुकीने पाठवून स्वतः विमानाने परततात, पण तो खर्च आधीच बाजूला काढलेला असावा लागतो.

निघण्याची वेळ अशी साधायची की उत्तर भाग जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ओलांडून व्हावा. त्या दिवसांतही डोंगरघाटात बर्फ पडू शकतो. डेडहॉर्सला तर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. रात्र होत नाही म्हणून माणूस थकला तरी गाडी चालवत राहतो आणि डुलकी लागून पडतो. तिथे घड्याळाकडे पाहूनच थांबायचे असते.

रात्रीचा मुक्काम कुठे करायचा, हा प्रश्न आज मोबाईलवर सुटतो. पण एक काळ असा होता की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माणसाला प्रवासाच्या यादीत हाच प्रश्न सर्वांत वर लिहावा लागे. हॉटेलात खोली मिळत नसे, खानावळीत ताट मिळत नसे, कित्येक पेट्रोल पंपांवर संडासही वापरू देत नसत. काही गावांत सूर्य मावळल्यावर थांबणे जिवावर बेते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ साली एक पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावात कोण राहायला देईल, कोण जेवू घालील, याचे पत्ते तिच्यात असत. 'ग्रीन बुक' म्हणून ती प्रसिद्ध झाली आणि सुमारे तीस वर्षे निघत राहिली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला भेदभाव बेकायदा ठरला, त्यानंतर तिची गरज संपत गेली. वाटेत पाणी कोण देईल याची आधी चौकशी करावी लागणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मसूर स्टेशनापासूनचा बाबासाहेबांच्या बालपणीचा तो बैलगाडीचा प्रवास आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

त्याच काळात बेसी स्ट्रिंगफील्ड नावाची एक कृष्णवर्णीय बाई हार्ले-डेव्हिडसनवर एकटीच अमेरिका पालथी घालत होती. १९३० आणि ४० च्या दशकांत तिने असे आठ लांब प्रवास केले. ती सांगत असे, की नकाशावर नाणे टाकायचे आणि ते जिथे पडेल तिथे जायचे! गाव असे नाण्यावर ठरे, रात्र मात्र नाण्यावर ठरवता येत नसे. एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाने घरात घेतले तर ठीक, नाहीतर पेट्रोल पंपावर गाडी उभी करून, जॅकेटची उशी हँडलवर ठेवून ती गाडीवरच झोपे. दुसऱ्या महायुद्धात तिने मोटारसायकलवरून सैन्याची टपाल-कागदपत्रे पोहोचवली. १९९३ मध्ये ती वारली आणि २००२ मध्ये अमेरिकेतील मोटारसायकलस्वारांच्या मानाच्या यादीत तिचे नाव आले. आपल्या मुलींना ही बाई माहीत असावी असे मला वाटते.

कॅनडातील डॉसन क्रीक या गावी पोहोचले की अलास्का महामार्ग सुरू होतो. आता तो सुमारे २,२०० किलोमीटर आहे आणि चांगला पक्का आहे. त्यावरून गाडी सुसाट जाते. पण तो झाला कसा? डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अलास्का उघडा पडल्याची जाणीव अमेरिकेला झाली. मार्च १९४२ मध्ये सैन्याने जंगलात रस्ता तोडायला घेतला. दहा हजारांहून अधिक सैनिक कामाला लावले. त्यांत साडेतीन हजारांहून अधिक कृष्णवर्णीय होते. त्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या, आणि बहुतेक अधिकारी गोरे. अलास्कातील सेनापती बकनर यांनी या पलटणी पाठवायला लेखी नाखुशी कळवली होती. ही माणसे पुढे तिथेच वस्ती करतील, याची त्यांना धास्ती होती! रस्ता बांधायला माणसे हवीत, पण त्यांनी तिथे राहू नये, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

त्यांना शहरांपासून दूर ठेवले गेले. ९५ व्या पलटणीची यंत्रे काढून गोऱ्या पलटणीला दिली गेली आणि यांच्या हाती फावडी-कुऱ्हाडी आल्या. याच पलटणीने सिकानी चीफ नदीवर चार दिवसांच्या आत लाकडी पूल उभा केला. उन्हाळ्यात डासांचे थवे, पुढे उणे ४० अंशांची थंडी, आणि राहायला तंबू. तिकडची जमीन आत वर्षभर गोठलेली असते. वरचे शेवाळ आणि झाडोरा खरवडला की ती वितळून चिखल होतो आणि बुलडोझर रुततात. शेवटी झाडांचे ओंडके आडवे अंथरून त्यांवर माती टाकली, तेव्हा कुठे रस्ता टिकला. २५ ऑक्टोबर १९४२ रोजी बीव्हर क्रीकजवळ दोन दिशांनी येणारे दोन बुलडोझर समोरासमोर आले. एकावर ९७ व्या पलटणीचा कृष्णवर्णीय कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स, दुसऱ्यावर गोरा शिपाई आल्फ्रेड जालुफ्का. आठ महिन्यांत रस्ता जुळला होता. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वेगळेपणा मोडण्याचा हुकूम काढला. १९९३ मध्ये या महामार्गावरील गर्स्टल नदीच्या पुलाला कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मृतीचे नाव मिळाले आणि २०१७ पासून अलास्का राज्य २५ ऑक्टोबर हा दिवस त्यांच्यासाठी पाळते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या रस्त्याने बाहेरचे रोग आत नेले. टेस्लिन गावच्या आदिवासी कुटुंबांनी गोवरासारख्या साथी सोसल्या, आणि त्यांची जमीन कोणी विचारून घेतली नव्हती.

फेअरबँक्स सोडल्यावर खरी परीक्षा सुरू होते, ती डाल्टन महामार्गाची. लांबी ६६६ किलोमीटर. तेलाच्या पाइपलाइनचे सामान नेण्यासाठी १९७४ मध्ये तो पाच महिन्यांत बांधला आणि सामान्य लोकांसाठी शेवटपर्यंत १९९४ मध्ये खुला झाला. बराचसा खडीचा आणि मातीचा. धूळ बसावी म्हणून त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. पाऊस पडला की तो चिखल साबणासारखा निसरडा होतो आणि वाळल्यावर रेडिएटरवर सिमेंटसारखा बसतो. मुक्कामी पोहोचताच गाडी धुवायची. समोरून ट्रेलर आला की वेग कमी करून उजवीकडे सरायचे, कारण रस्ता त्यांचा आहे आणि दगड उडतात. पंक्चरचे सामान, जादा ट्यूब, हवेचा पंप आणि डासांची जाळी जवळ ठेवायची. मोबाईलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही.

पेट्रोलचा हिशेब सर्वांत नाजूक. कोल्डफूट ते डेडहॉर्स सुमारे ३८५ किलोमीटर. मधे एकही पंप नाही, आणि १,४०० मीटरहून उंच अटिगन घाट चढायचा आहे. समजा गाडी लिटरला २० किलोमीटर देते आणि टाकी १७ लिटरची आहे, तर ३४० किलोमीटरवर ती बंद पडणार. ४५ किलोमीटर ढकलणार का? म्हणून पाच लिटरचा कॅन बांधून न्यायचा. गंमत अशी, की आपल्याकडची १०० सीसीची गाडी १० लिटर टाकीत हे अंतर हसतहसत काढील. मोठ्या गाडीचा मोठेपणा इथे उपयोगी पडत नाही.

आणि एक. डेडहॉर्स म्हणजे समुद्र नव्हे. उत्तर ध्रुवीय महासागर तिथून आणखी सुमारे १३ किलोमीटरवर आहे आणि मधला भाग तेल कंपन्यांचा. आपली गाडी आत नेता येत नाही. तिथल्या परवानगीच्या गाडीतूनच जावे लागते आणि ओळखपत्राची माहिती किमान एक दिवस आधी कळवावी लागते. एवढ्या लांब जाऊन पाण्याला हात लावायचा असेल, तर ही नोंद वहीच्या पहिल्याच पानावर करून ठेवावी.