आधी वाट, मग पास

उन्हाळी सुट्टीतल्या स्वित्झर्लंडच्या चौकशा सुरू झाल्या आहेत. काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या पर्यटन व्यवसायात या देशाची विक्री म्हणजे मुख्यतः गटाची सहल असे. विमानतळावर कोच उभा, सोबत टूर मॅनेजर, टिटलिस आणि युंगफ्राउयोख या डोंगरी ठिकाणांची तिकिटे गटाच्या दराने काढलेली. पास कोणता घ्यायचा हा प्रश्न पर्यटकापर्यंत पोहोचतच नसे. आता चार-सहा जणांचे कुटुंब येते आणि म्हणते, आमचे आम्ही फिरतो, तुम्ही हॉटेल आणि रेल्वेचे तेवढे बघा. रेल्वेचे बघा म्हटले की आपल्यापैकी बरेच जण कोटेशनमध्ये हॉटेलच्या खालच्या ओळीत ‘स्विस ट्रॅव्हल पास’ लिहून मोकळे होतात. प्रवास सहा दिवसांचा, तर पास सहा दिवसांचा. ती ओळ हिशेब न करता लिहिली जाते आणि त्याचे पैसे ग्राहक मोजतो, म्हणून या महिन्यात तिच्याविषयीच लिहीत आहोत.

पास चांगला आहे, यात वाद नाही. देशभरातल्या रेल्वे, बस आणि तलावांतल्या बोटी, नव्वदहून अधिक शहरांतली स्थानिक वाहतूक आणि ५०० हून अधिक संग्रहालये एकाच क्यूआर कोडवर खुली होतात. ३, ४, ६, ८ आणि १५ सलग दिवसांचे पास मिळतात, आणि महिनाभरात हवे ते दिवस निवडता येणारा फ्लेक्स प्रकारही आहे. अडचण आहे ती डोंगरावर. आपला पर्यटक स्वित्झर्लंडला जातो तो बर्फ पाहायला, डोंगरावर जायला. आणि नेमका तिथेच हा पास अर्धवट चालतो.

तो कुठवर चालतो याचे एक उपयोगी सूत्र आहे: साधारणपणे जिथवर लोक वस्ती करून राहतात तिथवर पास पूर्ण चालतो. वेंगेन आणि म्युरेन या गावांत बाहेरची मोटार जात नाही, तेव्हा तिथली रेल्वे किंवा केबल कार ही त्या गावची एसटीच म्हणायची. पासधारकाला तिथपर्यंत वेगळे तिकीट लागत नाही. झरमॅटचेही तसेच. गावाच्या वर मात्र सहलीची गाडी सुरू होते. म्युरेनहून शिल्टहॉर्नला, एंगेलबर्गहून टिटलिसला, झरमॅटहून गोर्नरग्राटला पासवर ५० टक्के सवलत मिळते. ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनहून युंगफ्राउयोखला फक्त २५ टक्के. रिगी, स्टान्सरहॉर्न आणि श्टोस हे डोंगर या सूत्राला अपवाद आहेत. ते पासमध्ये पूर्ण येतात. ‘पास आहे म्हणजे सगळे फुकट’ असा समज घेऊन गेलेला ग्राहक ग्रिंडेलवाल्डच्या खिडकीवर माणशी दीडशे फ्रँक आणखी मोजतो, तेव्हा तो आपल्यालाच फोन करतो. त्याचा राग रास्त असतो.

दुसरे साधन आहे हाफ फेअर कार्ड. २०२४ च्या दरपत्रकात ते १२० फ्रँकला होते आणि महिनाभर चालते. त्यावर काहीच फुकट मिळत नाही. रेल्वे, बस, बोट आणि बहुतेक डोंगरी गाड्यांचे तिकीट निम्म्या दराने मिळते. युंगफ्राउयोखही निम्म्या दराने. पासवर २५ टक्के आणि या स्वस्त कार्डावर ५० टक्के, हा फरक आपल्या व्यवसायात अजूनही अनेकांच्या लक्षात येत नाही. तीन-चार मुक्कामांच्या मराठी कुटुंबाच्या सहलीचा खर्च इथेच फिरतो.

एक ठरावीक सहल घेऊन पाहू. झुरिच विमानतळावर उतरून ल्यूसर्नला दोन रात्री, त्यात एक दिवस टिटलिस. मग ब्रुनिग खिंडीतून इंटरलाकेनला तीन रात्री. एक दिवस युंगफ्राउयोख, एक दिवस ब्रिएंझ तलावातली बोट आणि लाउटरब्रुनेन. सहाव्या दिवशी परत झुरिच विमानतळ. असे प्रवासपत्रक आपल्याकडून सर्रास जाते. प्रौढ माणसाचे दुसऱ्या वर्गाचे पूर्ण भाडे ढोबळ आकड्यांत मांडले, तर विमानतळ ते ल्यूसर्न ३०, एंगेलबर्ग जाऊन-येऊन ४०, ल्यूसर्न-इंटरलाकेन ३५, इंटरलाकेन-ग्रिंडेलवाल्ड जाऊन-येऊन २५, बोट आणि लाउटरब्रुनेन मिळून ४५, परतीचा प्रवास ७५. एकूण २५० फ्रँक. डोंगरांचे वेगळे: टिटलिस १००, ग्रिंडेलवाल्डच्या वर युंगफ्राउयोखपर्यंत २१५ धरू. सगळे मिळून ५६५.

आता पास लावून पाहा. सहा दिवसांचा पास २०२४ च्या दराने ३७९. त्यावर टिटलिसचे निम्मे ५० आणि युंगफ्राउयोखचे तीनचतुर्थांश, म्हणजे १६१. बेरीज ५९०. कोणताही पास न घेता खिडकीवर पूर्ण भाडे भरले असते, तरी याहून कमी खर्च आला असता! हाफ फेअर कार्डाने ५६५ चे निम्मे २८३ आणि कार्डाचे १२०, एकूण ४०३. फरक माणशी १८७ फ्रँकचा. नवरा-बायको आणि आई-वडील असे चार प्रौढ असतील तर जवळपास ७५० फ्रँक. फ्रँक शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर ही रक्कम पाऊण लाखाच्या घरात जाते. एका कुटुंबाचे पाऊण लाख रुपये एका ओळीत चुकीच्या जागी जातात, ही क्षुल्लक बाब नव्हे.

प्रत्येक वेळी एवढी मोठी बेरीज करायची गरज नाही. पासच्या किमतीतून हाफ फेअर कार्डाची किंमत वजा करा आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करा. पास पूर्ण लागू होतो त्या सगळ्या प्रवासाचे पूर्ण भाडे या आकड्याच्या वर गेले, तरच पास परवडतो. २०२४ च्या दराने सहा दिवसांच्या पाससाठी हा आकडा ५१८, म्हणजे दिवसाला साधारण ८६ फ्रँकचा प्रवास. तीन दिवसांचा २४४ चा पास घेतला, तर दिवसाला ८३. आठ दिवसांच्या ४१९ च्या पासला ७५. पंधरा दिवसांचा ४५९ ला होता. त्याला दिवसाला ४५ फ्रँकचा प्रवास पुरतो. लांबच्या पासचा दर दिवसामागे किती उतरतो ते यात दिसते. सहलीत युंगफ्राउयोख असेल तर पासला हा आकडाही पुरत नाही, कारण तिथली २५ टक्क्यांची तूट आणखी भरून काढावी लागते. दरपत्रक बदलले की नवे आकडे घालायचे. सूत्र तेच राहते.

मग पास घ्यायचा कोणी? जो रोज मुक्काम हलवतो त्याने. झुरिचहून सेंट मॉरिट्झ, बर्निना मार्गाने तिरानो आणि परत, तिथून झरमॅट, पुढे माँत्रो, मग इंटरलाकेन आणि ल्यूसर्न अशी आठ दिवसांची प्रदक्षिणा असेल, तर एकट्या सेंट मॉरिट्झ-झरमॅट प्रवासाचे दुसऱ्या वर्गाचे भाडे दीडशे फ्रँकच्या वर जाते. त्यात टिटलिसऐवजी रिगी घातला, तलावातली बोट घेतली, माँत्रोजवळचा शियों किल्ला पाहिला, की पास सहज वसूल होतो. रिगी आपण टिटलिसपुढे फार कमी लेखतो. व्हिट्झनाऊहून निघणारी युरोपातली पहिली दात्यांच्या रुळांची डोंगरी रेल्वे १८७१ पासून तिथे चालते आहे आणि माथ्यावरून आल्प्सची रांग मोकळी दिसते. उन्हाळ्यात तिथे बर्फ पायाखाली मिळत नाही, हे मात्र ग्राहकाला आधी सांगावे.

याच मार्गांवर एक खर्च हमखास निसटतो. ग्लेशियर एक्स्प्रेस आणि बर्निना एक्स्प्रेस या गाड्यांचे भाडे पासमध्ये येते, पण सक्तीचे आसन आरक्षण येत नाही. ग्लेशियर एक्स्प्रेसच्या पूर्ण मार्गाला उन्हाळ्यात त्यासाठी पन्नास फ्रँकच्या आसपास मोजावे लागतात. बर्निनाच्या त्याच रुळांवरून साधी प्रादेशिक गाडीही धावते. तिला आरक्षण नाही, आणि काही डब्यांच्या खिडक्या खाली करता येतात. फोटो काढणाऱ्या ग्राहकाला आम्ही तीच सुचवू.

एकाच भागात पाच दिवस राहणाऱ्याला देशभराच्या पासची गरज नसते. ल्यूसर्नच्या मुक्कामासाठी टेल पास आहे. त्यात टिटलिस, पिलाटस, रिगी हे डोंगर आणि तलावातल्या बोटी पूर्ण येतात, पण झुरिच विमानतळाचा प्रवास येत नाही. ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनला राहून रोज वेगळ्या डोंगरावर जाणाऱ्याने हंगामातला युंगफ्राउ ट्रॅव्हल पास बघावा. तो आयगरग्लेचर स्थानकापर्यंत चालतो आणि तिथून वर युंगफ्राउयोखचे तिकीट सवलतीत मिळते. थून आणि ब्रिएंझ या दोन्ही तलावांच्या भोवती हिंडायचे असेल तर बर्नर ओबरलँड पास. शिवाय इंटरलाकेन, ल्यूसर्न, बर्न, बासेल इथे हॉटेलात उतरणाऱ्याला अतिथी कार्ड मिळते आणि त्यावर स्थानिक बस फुकट असते. तिचिनोत तर असे तिकीट सगळ्या कँटनभर चालते. शहरातल्या ट्राम-बससाठी पास हवा, असे सांगून पास विकू नये.

आपल्या एकत्र कुटुंबांसाठी आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. स्विस फॅमिली कार्ड विनामूल्य मिळते आणि ते पासबरोबर घेता येते तसे हाफ फेअर कार्डाबरोबरही. ६ ते १५ वर्षांची मुले त्यावर रेल्वे, बस आणि बोटीने फुकट जातात. डोंगरी गाड्यांचा नियम मात्र प्रत्येक ठिकाणी तपासावा. अट अशी की सोबत आई किंवा वडील हवेत. आई-वडील खरेदीला गेले आणि आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बोटीत बसले, तर हे कार्ड चालत नाही. व्हाउचरबरोबर ही सूचना मराठीत छापून द्यावी. दुसरी गोष्ट, साठीपुढच्या प्रवाशांना पासमध्ये वेगळी सवलत नाही. १६ ते २४ वयाच्या मुलामुलींना मात्र तरुणांचा पास सुमारे ३० टक्के कमी दरात मिळतो. पदवीला शिकणाऱ्या मुलीचा पास प्रौढाच्या दराने काढलेली कोटेशने आजही पाहायला मिळतात.

दिवाळीच्या सहलींबद्दल विशेष सावध राहायला हवे. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ग्लेशियर एक्स्प्रेस धावत नाही. टिटलिसची केबल कार नोव्हेंबरात देखभालीसाठी काही दिवस बंद असते, पिलाटसची दात्यांची रेल्वे हिवाळ्यासाठी थांबते, आणि तलावांतल्या बोटींच्या फेऱ्या खूप कमी होतात. मे महिन्यात ज्या पासची किंमत वसूल होते, तोच पास नोव्हेंबरात महाग ठरतो, कारण त्यातल्या काही गोष्टी बंद असतात. दिवाळीची तारीख दरवर्षी हलते. बुकिंग घेण्यापूर्वी प्रत्येक डोंगराचे त्या आठवड्याचे वेळापत्रक उघडून पाहावे.

हाफ फेअर कार्ड घेणाऱ्याला दर वेळी तिकीट काढावे लागते, ज्येष्ठांना ते जमत नाही, असा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मोकळेपणाने कुठल्याही गाडीत चढता येणे याला किंमत आहे. एखाद्या ग्राहकाला ती किंमत द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण आकडा पाहून द्यावी. शिवाय या कामाचा भार आपण उचलू शकतो. स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर तिकिटे कशी काढायची हे निघण्यापूर्वी कार्यालयात बसवून शिकवता येते, आणि लांबच्या प्रवासाची तिकिटे आपणच काढून देता येतात. आधी घेतला तर सेव्हर डे पास हाफ फेअर कार्डावर २९ फ्रँकपासून मिळत आला आहे, आणि ठरावीक गाडीची सुपरसेव्हर तिकिटेही असतात. ती परत घेतली जात नाहीत. व्हिसा हातात आल्याशिवाय काढू नयेत. फ्लेक्स पास दिला असेल तर प्रवासाचा प्रत्येक दिवस गाडीत बसण्यापूर्वी सुरू करावा लागतो. हे न सांगितल्यामुळे तपासनिसासमोर पास असूनही प्रवासी विनातिकीट ठरतो.

राहता राहिला आपल्या कमाईचा प्रश्न. महागड्या पासवर मार्जिन दिसते आणि हाफ फेअर कार्डावर जवळपास काही उरत नाही, हे आम्ही जाणतो. त्यावरचा मार्ग म्हणजे सल्ल्याचे शुल्क उघडपणे लावणे. ज्याचे पाऊण लाख वाचले आहेत तो ग्राहक त्यातले काही हजार आनंदाने देतो, आणि पुढच्या वर्षी भावाला-बहिणीलाही घेऊन येतो. आमची विनंती एवढीच आहे. या हंगामात स्वित्झर्लंडच्या प्रत्येक कोटेशनबरोबर एक पान जोडा. त्यावर पूर्ण भाडे, हाफ फेअर कार्ड आणि पास असे तीन रकाने मांडा, आणि शेवटची बेरीज ग्राहकासमोर ठेवा.