एका शिंगाचा पोळा

पाश्चात्त्य देशांत फेरेट नावाचा, मुंगसाच्या अंगकाठीचा एक लहान प्राणी घरात पाळला जातो. त्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला, तर पाळणारी माणसे त्याला ठरल्या दिवशी केमोथेरपीसाठी नेतात, औषधांच्या वेळा पाळतात, तो खाईनासा झाला की बोटावर अन्न घेऊन भरवतात. ही हकीकत आपल्याकडच्या साहित्यिक मित्रांसमोर काढली की प्रतिक्रिया ठरलेली असते. आधी हसू आणि मग ‘पोट भरलेल्यांचे चोचले’ हा निवाडा. आम्हीही एके काळी हसणाऱ्यांतच होतो. आमचे हसू थांबले ते वाशीम जिल्ह्यातल्या एका गोठ्यात.

मंगरूळपीर तालुक्यात आमच्या मामांची कोरडवाहू शेती आहे. सोयाबीन आणि तूर ही पिके, आणि ट्रॅक्टरच्या दिवसांतही डवरणीसाठी राखलेली एक बैलजोडी. त्यातला ढवळ्या २०१८ च्या ज्येष्ठात डोके झटकू लागला. मग मान एका बाजूला कलती ठेवू लागला, उजवे शिंग खुंट्यावर घासू लागला. काही दिवसांनी त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येऊ लागला. डॉक्टरांनी शिंगाच्या बुडाशी हात लावून पाहिले. तिथे ऊब होती आणि शिंग किंचित हलत होते. निदान झाले ते शिंगाच्या कर्करोगाचे.

हा रोग भारतीय वशिंडाच्या गोवंशात, विशेषतः खच्ची केलेल्या, वयाने पोक्त बैलांत आढळतो. जगात अन्यत्र तो क्वचितच दिसतो. शिंगाच्या आतली पोकळी कपाळाच्या पोकळीशी आणि तिच्यावाटे नाकाशी जोडलेली असते, म्हणून शिंगातला रोग नाकावाटे वाहू लागतो. कारणे निर्विवाद सिद्ध झालेली नाहीत. मात्र बुडाशी होणारे सततचे घर्षण, ऊन, शिंगे साळणे आणि रंगवणे यांच्यावर संशय घेतला जातो. म्हणजे ज्या शिंगांना आपण पोळ्याला बेगड लावतो, त्यांच्या दुखण्यात आपल्या कौतुकाचाही वाटा असू शकतो. ही शक्यता आम्हाला अजून अस्वस्थ करते.

उपचार दोन टप्प्यांचा असतो. गुंगी देऊन, शिंगाची नस बधिर करून, तारेच्या करवतीने शिंग बुडापासून कापायचे. त्यानंतर आठवड्याच्या अंतराने व्हिन्क्रिस्टिनची इंजेक्शने द्यायची. प्रमाण किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम. चारशे किलोच्या बैलाला एका वेळी दहा मिलिग्रॅम, म्हणजे माणसांसाठी मिळणाऱ्या एक मिलिग्रॅमच्या दहा कुप्या. औषध शिरेतच जायला हवे. थेंब जरी बाहेर सांडला तरी तिथले मांस जळते. फेरेटच्या लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरही हेच व्हिन्क्रिस्टिन वापरतात. ते मिळते सदाफुलीपासून. मूळच्या मादागास्करच्या आणि आता वऱ्हाडातल्या दर दुसऱ्या अंगणात फुलणाऱ्या झाडाच्या या औषधाला १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मामींच्या तुळशीवृंदावनाशेजारीही ती फुललेली होती. चोचला तिकडचा आणि गरज इकडची, अशी आम्ही आखलेली सीमारेषा त्या फुलापाशी पुसली गेली.

यातली खरी मेहनत डॉक्टर गेल्यावर सुरू होते. रोज जखम धुणे, पावसाळी माश्यांपासून ती राखणे, अळ्या पडू न देणे. इंजेक्शननंतरचे काही दिवस शेण-मूत्र उघड्या हाताने हाताळायचे नाही, कारण औषधाचा अंश त्यातून बाहेर पडतो. ज्या घरात पहाट शेणाने हात भरून उजाडते, त्या घरात मामी रबरी हातमोजे घालून गोठा झाडताना आम्ही पाहिल्या. ढवळ्याने कुटाराला तोंड लावणे सोडले, तेव्हा मामा भिजवलेली ढेप हातावर घेऊन त्याच्यासमोर बसून राहत. शेजारचे एक गृहस्थ येऊन म्हणाले, “दादा, म्हाताऱ्या बैलावर कायले पैसा घालता?” मामा म्हणाले, “त्याले बोलता येत नाही, मंग आपल्यालेच आयकाव लागते ना.”

त्या क्षणी आमचे भाषेचे शिक्षण जागे झाले. ‘शुश्रूषा’ हा शब्द आपण सेवा या अर्थाने वापरतो, पण त्याची व्युत्पत्ती ‘श्रु’ धातूकडे जाते. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. वर्गात हे आम्ही कित्येकदा सांगितले आहे. त्याचा अर्थ मात्र गोठ्यात कळला. डोके झटकणे, मान कलती ठेवणे, खुंट्याला शिंग घासणे ही सारी विधानेच होती. ‘मुके जनावर’ हा आपला लाडका शब्दप्रयोग त्यामुळे आम्हाला संशयास्पद वाटू लागला आहे. त्यात करुणा दिसते खरी. परंतु ऐकण्याच्या जबाबदारीतून आपली सुटकाही तो करून घेतो.

आता मुख्य मुद्दा. मराठी साहित्यात बैल भरपूर आहेत, पण ते बहुतांशी शेतकऱ्याच्या वतीने उभे आहेत. बैल थकतो तेव्हा शेतकरी थकलेला असतो. बैल विकला जातो तेव्हा संस्कृती विकली गेलेली असते. आनंद यादवांची ‘गोतावळा’ ही १९७१ सालची कादंबरी या बाबतीत मोलाची आहे, कारण तिथली जनावरे प्रतीक होण्याआधी नात्याची माणसे आहेत. ट्रॅक्टर येतो आणि गोतावळा मोडतो, ही घटना तिथे प्रत्येक जनावरासह वेगळी दुखते. परंतु तो मार्ग पुढे फारसा रुळला नाही. बैलाचे स्वतःचे दुखणे, ज्यातून कोणताही सामाजिक आशय काढता येत नाही, असे लेखनाचा विषय झाल्याचे आमच्या वाचनात विरळाच.

सूझन सॉन्टॅग यांनी १९७८ साली आजाराच्या रूपकीकरणावर दीर्घ निबंध लिहिला. आजार हे रूपक नव्हे, आणि रूपकांपासून मोकळे झाल्याखेरीज त्याच्याकडे नीट पाहता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपण तर दोन्हीकडून बांधलेले. कर्करोग म्हटले की ‘भ्रष्टाचाराचा कर्करोग’ आठवतो, आणि बैल म्हटले की ‘कष्टकरी बळीराजा’. मग कर्करोग झालेल्या बैलाकडे आपण कोणत्या डोळ्यांनी पाहणार? रूपकांच्या या गर्दीत नाकपुडीतून वाहणारे रक्त कोणाच्या नजरेस पडत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ज्या पट्ट्यात शेतकऱ्याच्याच औषधपाण्याची ददात आहे, तिथे बैलाच्या केमोथेरपीवर निबंध लिहिणे हा क्रूर विनोद नव्हे काय? आक्षेप आम्ही झटकत नाही. प्रत्येकाने उपचार करावेत असे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. ज्याला ते झेपत नाहीत त्याला अपराधी ठरवणे तर अक्षम्य होईल. पण आक्षेपामागचे एक गृहीतक तपासायला हवे. माया ही एक मोजकी रक्कम आहे, बैलाला दिली की माणसाच्या वाट्याला कमी पडते, असे ते गृहीतक. आमचा अनुभव उलट आहे. ज्या घरात ढवळ्याची जखम धुतली गेली, त्याच घरात अंथरुणाला खिळलेल्या आजीचीही कूस वेळेवर बदलली जात होती.

दुसरी बाजू कायद्याची. महाराष्ट्रात १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेली प्राणिरक्षण कायद्यातील दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये अमलात आली आणि गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. तिच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले. आम्हाला एवढेच नोंदवायचे आहे की मारू नका असे सांगणे आणि शुश्रूषा करणे यांत मोठे अंतर आहे. आजारी बैल विकता येत नाही, पोसवत नाही, मग तो रस्त्यावर मोकळा सुटतो. त्याच्या शिंगातल्या दुखण्याला या रक्षणाने काय दिले? शिंग कापण्याची आणि इंजेक्शनांची सोय जवळ असावी, तिचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडू नये, ही मागणी पूजेपेक्षा कमी भव्य आहे, पण बैलाच्या दृष्टीने अधिक उपयोगाची आहे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हे स्थळ म्हणून प्रिय. नावाची परंपरागत उपपत्ती वत्स ऋषींकडे जाते, आणि ती तशीच राहो. तथापि वत्स म्हणजे वासरूही, आणि आयुर्वेदात गुल्म म्हणजे पोटातली गाठ, हे आठवल्यावाचून आता आम्हाला त्या नावाचा उच्चार करता येत नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी दोन्ही बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकले गेले आणि त्यांना रीतीप्रमाणे जेवणाचे आवतन दिले गेले. डोक्याची एक बाजू पट्टीने बांधलेला बैल तोरणाखाली न्यावा की नाही, यावर घरात बोलणे झाले. मामींनी निर्णय दिला. डाव्या शिंगाला बेगड लागली नाही, रंगही नाही, नुसता गोंडा बांधला. उजवीकडे स्वच्छ पांढरी पट्टी. गावाने पाहिले, काहींनी नजर वळवली, पोरांनी प्रश्न विचारले.

ढवळ्या त्यानंतर सात महिने जगला. चैत्रात रोग कपाळाच्या पोकळीत परतला आणि तो गेला. सात महिन्यांसाठी एवढे सगळे, असे अजूनही काही जण म्हणतात. त्या महिन्यांत तो पुन्हा कुटार खाऊ लागला होता, आणि खुंट्याला डोके घासणे त्याने सोडले होते. हिशेब मांडायचाच, तर तो इथून मांडावा, असे आमचे मत आहे.