सात-शून्य

सॉफ्टबॉलमध्ये एकही चेंडू न खेळता हरता येते. ठरल्या वेळी संघाचे नऊ जण मैदानात उतरले नाहीत, तर पंच सामना समोरच्यांना बहाल करतात आणि कागदावर निकाल लिहिला जातो : सात-शून्य. यवतमाळ जिल्ह्यात शाळा-कॉलेज सुटल्यावरही निव्वळ हौसेने हा खेळ धरून ठेवणारी जी मोजकी पोरे-पोरी आहेत, त्यांचा हंगाम या सात-शून्याच्या धास्तीतच जातो. समोरचा संघ किती तगडा आहे, ही काळजी नंतरची. आधी मैदानाच्या कडेला उभे राहून फोन लावायचे. “किती झाले बे?” “आठ.” नववा कुठे तरी कापसाच्या गाडीवर बसलेला असतो.

आज 15 जानेवारी, खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. आपल्या सरकारने तो ‘राज्य क्रीडा दिन’ ठरवला आहे आणि यंदा त्याला विशेष वजन आहे, कारण खाशाबांच्या जन्माला आज 100 वर्षे पूर्ण झाली. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आज ठिकठिकाणी प्रतिमेला हार पडतील, पदकविजेत्यांचे सत्कार होतील. ते व्हायलाच हवेत. मात्र सत्काराच्या यादीत ज्यांचे नाव कधीच येणार नाही, त्यांच्याविषयी लिहायलाही हाच दिवस बरा.

एक गमतीचा योगायोग आहे. खाशाबा जन्मले त्याच 1926 मध्ये अमेरिकेत वॉल्टर हकान्सन यांनी या खेळाला ‘सॉफ्टबॉल’ हे नाव सुचवले. खेळ त्याआधीचा. 1887 मध्ये शिकागोच्या एका बोट क्लबात काही तरुण फुटबॉलच्या निकालाची वाट पाहत बसले होते. वेळ जाईना, म्हणून एकाने बॉक्सिंगचा हातमोजा फेकला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. म्हणजे मुळात हा रिकामटेकड्यांचा उद्योग. नावातला ‘सॉफ्ट’ मात्र कोणी मनावर घेऊ नये. 12 इंच घेराचा हा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड असतो. मुलींच्या सामन्यात पिचर तो अवघ्या 43 फुटांवरून, खांद्याखालून हात फिरवून सोडते. क्रिकेटची खेळपट्टी 66 फुटांची असते, एवढे आठवले की बॅट घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरीकडे जरा आदराने पाहिले जाते.

आता हा खेळ यवतमाळच्या काळ्या मातीत आणून बघा. जी माती कपाशीला मानवते, ती बेसवर पळणाऱ्याला मानवत नाही. पावसाळ्यात ती बुटाला अशी चिकटते की पहिल्या बेसपर्यंतच्या 60 फुटांत पाय दुप्पट जड होतात. पाऊस सरला की तीच माती आकसून भेगाळते. सरपटत आलेला चेंडू भेगेच्या काठावर आपटून कुठे उसळेल, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. शॉर्टस्टॉपला वाकून उभे राहावे लागते आणि चेंडू हनुवटीवर येतो. धावफलक लिहिणारा त्याला क्षेत्ररक्षकाची चूक म्हणतो. आमच्या मते ती चूक न पसरलेल्या मुरमाची आहे.

शिवाय मैदान एकट्याचे नसते. मधोमध क्रिकेट. सॉफ्टबॉलवाल्यांच्या वाट्याला कोपरा येतो आणि तिथेही टेनिस बॉलचे षटकार येऊन पडतात. साहित्याची रड वेगळीच. कॅचरचा मुखवटा एक, तो घामासकट या डोक्यावरून त्या डोक्यावर जातो. डावखुऱ्याचे हाल तर विचारू नका. त्याला ग्लोव्ह उजव्या हातात घालायचा असतो आणि पिशवीतले सगळे डाव्या हाताचे. मग तो झेल घेतो, ग्लोव्ह काढतो आणि त्याच हाताने चेंडू फेकतो. तोवर समोरचा दुसऱ्या बेसवर पोचून कपडे झटकत असतो.

दोन हंगाम एकमेकांवर आदळतात, हे खरे दुखणे. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि पुढचे काही महिने सरत नाही. मजुरी किलोवर मिळते, म्हणजे संध्याकाळी लवकर निघणे हे थेट खिशातून जाते. ज्याच्या घरचेच शेत आहे, त्याला तर ‘सरावाला जातो’ हे वाक्य उच्चारण्याचीही सोय नसते. कापूस भिजला, भाव पडला, की घरातला आवाज आपोआप चढतो. राळेगाव असो, आर्णी असो की दारव्हा, हे चित्र फारसे बदलत नाही. जिनिंगच्या दारात गाड्यांची रांग लागलेली असताना चेंडू घेऊन मैदानावर जाणाऱ्याला गाव वेड्यात काढते. गावाचेही तसे चुकत नाही.

मग हे येतात तरी कशाला? या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपली क्रीडाव्यवस्था कुठे थांबते ते पाहावे लागते. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. सवलतीला आमचा विरोध नाही. तिच्यामुळे कित्येक घरांतून मुलांना मैदानावर सोडले गेले. पण तिच्यामुळेच सॉफ्टबॉलसारखे खेळ ‘प्रमाणपत्राचे खेळ’ होऊन बसले. बारावीचा निकाल लागला की ग्लोव्ह खुंटीला. मुलींचे तर गणित आणखी सरळ आहे : एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत, खेळही बारावीपर्यंत. त्यानंतर तालुक्याच्या मैदानावर यायचे तर तिकिटाचे पैसे मागावे लागतात, आणि अंधार पडायच्या आत घरी का आली नाहीस, याचे उत्तर तयार ठेवावे लागते.

एकोणिसावे उलटल्यावर जे आठ जण उरतात, त्यांना यातून काही म्हणजे काही मिळणार नसते. ना गुण, ना नोकरी, ना पेपरात फोटो. बहुतेक सामने ते हरतात, आणि दणकून हरतात. पाच इनिंगनंतर सात धावांची पिछाडी असली तर सामना तिथेच थांबवण्याचा नियम आहे. दयाळू नियम आहे, पण या पोरांना तो आवडत नाही. एवढ्या खटपटीने नऊ जमवल्यावर दोन इनिंग कापल्या गेल्या, याची त्यांना हरण्यापेक्षा जास्त चुटपुट लागते. एखाद्या जिल्ह्यात खेळ किती रुजला, हे पदकांवरून कळते असे आम्हाला वाटत नाही. काही मिळायचे बंद झाल्यावर किती जण उरतात, ते मोजावे.

खाशाबांचे नाव घेताना आपण एक गोष्ट कौतुकाने सांगतो. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. गोष्ट ऐकताना ऊर भरून येतो, हे खरे. पण त्या काळच्या सरकारवर तो ठपकाही आहे, हे आपण सोयीने विसरतो. पाऊणशे वर्षे होत आली, वर्गणी चालूच आहे. आज ती ऑलिंपिकसाठी नाही, चेंडूच्या जोडीसाठी आणि पुसदला जायच्या गाडीच्या डिझेलसाठी निघते, इतकाच फरक.

मागणी फार मोठी नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यात मुरूम टाकून रोलर फिरवा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तो कोपरा एकोणिशीपुढच्यांसाठी राखून ठेवा. त्यांची एखादी स्पर्धा घ्यायची तर वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या आणि तिचे प्रमाणपत्र देऊ नका.

तूर्त, आजच्या समारंभाचा मांडव कुठे घातला आहे, हे संयोजकांनी एकदा बघावे. मांडवाच्या खुंट्या उपटल्या की खड्डे राहतात. रविवारी कोणीतरी नऊ जण जमवलेच, तर तिसरा बेस नेमका तिथे येतो.